लूसी बसते तेव्हा

दि. २७ नोव्हेंबर २०२३

प्रिय लटारू,

तुझा रामराम, माझा जयभीम.

माझ्या घरी एक बाई राहायला आली आहे. वय नऊ, केस सोनेरी, सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त. माझी गिरजाबाई आज असती तर तिने तव्यासकट दोघांनाही बाहेर काढलं असतं.

लूसी तिचं नाव. लॅब्राडोर जातीची कुत्री. गडचिरोलीला पोलिसांच्या पथकात सात वर्षं बारूद हुडकायचं काम केलं तिनं. आपल्या एसटीने पास काढून शाळेत जाणारा, खिडकीसाठी रोज भांडणारा अश्विन तुला आठवत असेल. तो त्याच पथकात शिपाई आहे आणि हिला त्यानेच सांभाळलं. हिचे मागचे पाय धरतात म्हणून नोकरीतून मोकळी केली. त्याला मिळालेल्या क्वार्टरला अंगण नाही. मला म्हणाला, "काकाजी, तुमची घरामागची सांदवाडी मोठी हाये, अन् तुमी एकटे. हिले माणूस लागते. बंगल्यावाले मांगून राह्यले, पन ते हिले दाखवाले नेतीन, सांभाळाले नाई."

मी कागदांवर सह्या केल्या. त्याने एक लाल रबरी चेंडू दिला, मसाल्याचं खाऊ घालू नका म्हणाला, आणि बरंच काही सांगितलं. मी मान हलवत होतो. खरं सांगू का, मी तिच्या डोळ्यांत पाहत होतो आणि मला आपली चौथीची दुपार आठवत होती. गुरुजी खुर्चीत पेंगलेले, आपण चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतोय, आणि वर्गाच्या दाराशी एक पिवळं कुत्रं मान तिरकी करून ऐकतंय. तू त्याला आपली भाकर टाकायचास. मला वाटलं, तेच परत आलं. साठ वर्षांचा फेरा करून.

तू म्हणशील, कविराजाची गाडी परत रस्ता सोडून चालली.

गावात रोज तमाशा. झिंगू आला नि म्हणतो, "काकाजी, बिबट्याले जेवनाचं आवतन देऊन राह्यले का?" दिवस बुडायच्या आधी मी तिला घरात घेतो, दार लावतो.

आणखी एक सांगायचं आहे. तुझी नात चंचल कुंपणाच्या फटीतून येते. सात वर्षांची पोट्टी, पण लूसीला पाटावर बसवून अआइई शिकवते. तुझ्या घरातलं कोणी माझ्या अंगणात आलं त्याला सतरा वर्षं झाली, लटारू. तुझा धनराज तिकडून हाक मारतो, "चंचल, घरी ये!" ती जाते आणि पुन्हा येते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तू मुलीकडे माजरीला राहतोस; तिथे पोस्टमन ते तुझ्या हातात देतो की तिच्या, तेही मला ठाऊक नाही. एकोणीस वर्षं तुझ्या पाठीमागे उभं राहून घंटी मारली. तू कधी वळून पाहायचा नाहीस, पण गाडी थांबायची. तेवढ्या भरवशावर लिहितो.

तुझा
गुलाब

दि. ९ डिसेंबर

लटारू,

हे पत्र एकट्याने वाच. मुलीला वाचायला देऊ नकोस.

तुमच्या नि माझ्या सांदवाडीच्या मधे धनराजने यंदा धानाच्या तणसाचा ढीग रचला आहे. मधलं कुंपण तिथे मोडकंच आहे. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला लूसी फिरत फिरत त्या ढिगापाशी गेली, नाक लावलं आणि बसली. हलेना. मी हाक मारली, शिट्टी वाजवली. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा तणसाकडे. मला वाटलं, ऊन आवडलं. मी बिस्कीट दिलं, "शाबास बाई" म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच. चंचलही तिच्या शेजारी तशीच मांडी घालून बसायला लागली. दोघींना मी बिस्किटं देत होतो.

आणि मी कविता केली. तुला लाज वाटेल, मला तर वाटतेच. तरी लिहितो, कारण आता काहीच लपवायचं नाही:

पिवळ्या उन्हात पिवळी सोबतिण बसते तणसापाशी,
काय आठवे तिला न ठावे, बोले ना कोणाशी.

ती बोलत होती, लटारू. अकरा दिवस ती एकच वाक्य बोलत होती आणि मी त्याला चाल लावत बसलो होतो.

काल अश्विनला फोन केला, तिच्या पायाच्या तेलासाठी. बोलता बोलता म्हणालो, आजकाल एकाच जागी बसून राहते रे. मग तो म्हणाला, "काकाजी, मी तुमाले सांगतलो होतो ना. बारूदाचा वास आला का ते भुकत नाई, उकरत नाई. चूपचाप बसते. अन् चेंडू भेटल्याबिगर उठत नाई. कुठी बसली ते?"

सांगितलं होतं त्याने. त्याच वेळी मी चौथीच्या वर्गात होतो.

आणि मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "रस्त्यानं बसली. दिवाळीचे फटाके पडले होते." मी, गुलाब रामटेके, ज्याला तू डेपोत हरिश्चंद्राची औलाद म्हणालास, त्याने इतकं सरळ खोटं सांगितलं की जीभ अडखळलीसुद्धा नाही.

नंतर ढिगापाशी जाऊन मी तणस नुसतं हाताने बाजूला सारलं. आत बांबूची टोपली. त्यात पिठात घोळल्यासारखे गोळे, लिंबाएवढे. मी लगेच तणस तसंच लोटलं. ते काय आहे हे तुला समजवायला नको. रानडुकरासाठी ठेवतात. जनावराने चावला की गोळा फुटतो, जबडा जातो. मागच्या साली पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीत चरत्या गाईचा गेला होता, तीन दिवस ती उभी होती.

डुकरं धान लोळवतात हे मला मान्य. पण धनराज मांसही विकतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो.

सरिता रोज सकाळी त्याच ढिगातून बैलांसाठी तणस ओढते. तुझी सून. आणि नात त्याच्यासमोर मांडी घालून बसते.

मी पोलिसांत जाणार नाही. एकदा तुझ्या घराविरुद्ध बोललो, त्याची किंमत तू भरलीस. पुन्हा नाही. तू बाप आहेस. तू त्याला सांग. तुझं तो ऐकेल. काढून टाक म्हणावं, कुठेतरी पाण्यात टाक म्हणावं. मी काही पाहिलं नाही असं समजेन.

लवकर सांग.

गुलाब

दि. १६ डिसेंबर

प्रिय लटारू,

तू वाचतोस! हे मला कळलं त्या आनंदात बाकी सगळं विसरायला होतं.

परवा धनराज कुंपणाशी उभा राहिला. सतरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "काकाजी, तुमच्या पत्राले पाय फुटले वाट्टे. बाबाचा फोन आला होता."

मी म्हटलं, "बरं झालं."

"का बरं झालं? एक डाव तुमी आमचं घर बुडवलं. आता दुसऱ्या डावाची तयारी चालू हाये का? तेथी काई नव्हतं. आताही नाई. आना तुमच्या बाईले, सुंगू द्या."

मी लूसीला नेलं. ती ढिगाभोवती फिरली, नाक खाली घालून, आणि पुढे निघून गेली. बसली नाही. धनराज हसला. "पाह्यलं? बुढी झाली तुमची पोलिसीन. अन् तुमी बी."

मला त्याच्या हसण्याचं काही वाटलं नाही. मी घरी येऊन चहा केला नि एकटाच हसलो. तू फोन केलास. तू अजून बाप आहेस आणि मी अजून तुझा कंडक्टर आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. लूसीला दहीभात, मला लाखोळीची भाजी. आठवडाभर अडवलेल्या चंचलला परत यायला मोकळीक दिली.

आठवतं, वडशाच्या मुक्कामी गाडीच्या टपावर आपण झोपायचो? पहाटे धानाच्या गिरणीचा भोंगा व्हायचा आणि तू डोळे न उघडता म्हणायचास, "म्हन रे एखादी." मी म्हणायचो. तुला एकही कविता पूर्ण पाठ नव्हती, पण मी ओळ चुकलो की लगेच टोकायचास. हिवाळ्यात तर नाटक सुटलं की माणसं स्टँडवर यायची, तीही थांबून ऐकायची. एकदा एका नाटक कंपनीचा मालक तुला म्हणाला, तुमच्या मास्तरला आमच्याकडे पाठवा. तू म्हणालास, "नाई जी, मंग माझी गाडी कोन थांबवन?"

हे पत्र उद्या टाकतो.

तुझा
गुलाब

ता. क. दि. १८. पत्र काल टाकायचं राहून गेलं. बरं झालं की वाईट, कळत नाही. आज सकाळी लूसी माझ्या कोठ्याकडे गेली. माझ्या स्वतःच्या कोठ्याकडे, जिथे गिरजाबाईची गाय गेल्यापासून मोडका नांगर नि कोंड्याची पोती याशिवाय काही नाही.

ती दारात बसली आहे. मी हे लिहितोय तोवर उठलेली नाही.

दि. २० डिसेंबर, स्पीड पोस्टाने

लटारू,

तुझ्या फोनने टोपली हलली, पण ती पाण्यात गेली नाही. माझ्या कोठ्यात आली. कोंड्याच्या पोत्यांमागे. मी पाहिली.

धनराजला विचारलं. आता तो लपवतही नाही. "पोलिसाची कुत्री जेथी राह्यते तेथी कोन झडती घेते, काकाजी? चार रोज राहू द्या. शनिवारी मानूस येते, घेऊन जाते."

मी म्हटलं, "चंचल तिथे खेळते रे!"

"मंग तिले येऊ नोका देऊ. कुत्रं तुमचं, कोठा तुमचा." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात, अगदी तुझ्या आवाजात, म्हणाला, "अन् कोनाले सांगसाल त एक इचार करजा. सापडन त कोनाच्या कोठ्यात सापडन?"

मी त्याला लहानपणी गाडीच्या पहिल्या सीटवर बसवून आणायचो. अर्धं तिकीट मीच फाडायचो आणि पैसे मीच भरायचो. त्याच्या डोळ्यात मी ते शोधत होतो. नव्हतं.

कोठ्याला कवाड नाही. मी दोरी बांधली आहे आडवी. चंचलला खोटंच सांगितलं, लूसीला ताप आहे, येऊ नको. ती कुंपणाशी उभी राहून रडते, "आबाजी, मी दुरून पाह्यतो ना!" हे माझं दुसरं खोटं. सवय लवकर लागते.

लूसी दोरीपाशी बसून आहे. रात्री उचलून आत आणतो, सकाळी दार उघडलं की जाते नि बसते. जेवण निम्मं टाकते. अश्विनने दिलेला चेंडू माझ्या खिशात आहे. तो तिला दिला तर ती समजेल काम झालं. काम झालेलं नाही हे मला माहीत असताना मी तिला तो कसा देऊ?

शनिवारच्या आत ये. भांडायचं तर भांड, माझ्याशी बोलूही नकोस. सरळ तुझ्या घरी जा आणि पोराला समोर बसव. माजरीहून सकाळची गाडी धरलीस तर दुपारी इथे पोचशील.

मी शनिवारपर्यंत थांबतो. पुढचं मला ठाऊक नाही.

गुलाब

दि. २४ डिसेंबर

लटारू,

तू आला नाहीस. शुक्रवारी मी तीनही गाड्यांना फाट्यावर उभा होतो.

काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला लूसी दोरीपाशी थरथरत होती. थंडीने की पायाने, कोण जाणे. दोन दिवस पोटात अन्न नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, गेलं चुलीत ते काम, बाई उठ. मी चेंडू काढला आणि कोठ्याच्या उलट दिशेला, विहिरीकडे फेकला. तो उखळाच्या दगडावर आपटला, उलटा फिरला, माझ्या पायांमधून गेला आणि दोरीखालून कोठ्यात शिरला. पोत्यांच्या मागे.

लूसीला धावता येत नाही. ती नुसती उभी राहिली.

चंचल कधी फटीतून आली होती, मला कळलंच नाही. "आबाजी, मी आन्तो!" म्हणाली आणि दोरीखालून वाकून आत गेली.

ओरडलो असतो तर ती दचकली असती. धावलो असतो तर तिला वाटलं असतं शर्यत आहे. ती आणखी आत गेली असती. लटारू, माझ्या अंगातून सगळं पाणी गेलं आणि त्या कोरड्या जागेतून जो आवाज आला तो कोणाचा होता? गडचिरोली-वडसा गाडीच्या कंडक्टरचा. ती नि मी दुपारी गाडी-गाडी खेळतो, ती पॅसेंजर असते.

"ओ बाई! जाग्यावर बसा! तिकीट काढल्याबिगर हलायचं नाही!"

ती बसली. तिथेच, कोंड्यात, मांडी घालून. टोपली तिच्या उजव्या गुडघ्यापासून हातभर. चेंडू टोपलीला टेकलेला.

"कुठं जायचं?"

"वडसा."

"पूर्ण का अर्धं?"

"अर्धं. अन् लूसीचं बी अर्धं."

"हात मांडीवर ठेवा. सुटे पैसे काढा." मी दोरी ओलांडली. एक पाऊल टाकलं. "मधे कुठं उतरणार?"

"मधात नाई उतरत जी, मले नाटक पाह्याचं हाये." आणि हात लांबवून म्हणाली, "थांबा, चेंडू घेतो."

"सामान नंतर! आधी तिकीट!" माझा आवाज फाटला. तिने हात मागे घेतला, जरा रुसून. मी आणखी दोन पावलं टाकली, तिला काखेत धरून उचललं आणि पाठमोरा न होता तसाच मागे मागे बाहेर आलो. ती म्हणत होती, "आबाजी, तिकीट कुठी हाये? आबाजी, तुमी रडून काऊन राह्यले?"

तिला घेऊन मी तुझ्या अंगणात गेलो. सतरा वर्षांनी. सरिता भांडी घासत होती. मी तिला लूसी बसते म्हणजे काय ते सांगितलं. कोठ्यात काय आहे ते सांगितलं. ती राखेचे हात तसेच धरून उभी राहिली.

"कोनाचे होत, काकाजी?"

मी चंचलच्या केसांतला कोंडा झटकू लागलो.

"तुमच्याच्यानं नाव नाई घेवत म्हंजे मले समजलं." तिने पोरीला माझ्या हातातून घेतलं, राखेच्या हातांनीच. "तनसातूनच मी रोज सकाळी... अन् हे मले म्हने, डावीकडून काढत जाय, उजवीकडून ओलं हाये." ती हे सांगताना रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली. मग म्हणाली, "लावा फोन."

"सरिता, नवरा हाये तुझा. इचार कर."

"मी केलो इचार. तुमचा कवापासून चालू हाये?"

मी फोन लावला.

दुपारी अश्विन आणि त्याचे लोक आले. सात गोळे निघाले. कसे नेले ते मी पाहिलं नाही, आम्हाला लांब उभं केलं होतं. नंतर अश्विन लूसीजवळ बसला, तिला एक नवा चेंडू दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काकाजी, त्या दिवशी फटाके म्हनले होते ना तुमी?"

मी हो म्हटलं.

धनराजला शेतातून आणलं. तो म्हणाला, "मले काई मालूम नाई. ज्याच्या कोठ्यात सापडले त्याले इचारा." साहेबांनी मला विचारलं, "हे तुमचे आहेत का?" मी म्हटलं, नाहीत. "मग कोणाचे?"

मी नाव घेतलं नाही. सगळा गाव उभा होता. झिंगूसुद्धा थट्टा करत नव्हता. साहेब म्हणाले, "ठीक आहे. सविस्तर जबाब नंतर घेऊ. गाव सोडू नका."

गुलाब

दि. २ जानेवारी २०२४

प्रिय लटारू,

जबाबाची तारीख आली. शुक्रवार, बारा जानेवारी, वडशाच्या ठाण्यात. धनराजलाही त्याच दिवशी बोलावलं आहे. तो गावातच आहे, माझ्या दारावरून जातो नि थुंकतो. सरिता चंचलला घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली, "मी बायको हावो, काकाजी. माझं तोंड कोनी धरलं नाई, पन तुमी आधी बोला. तुमी पाह्यलं हाये."

लटारू, सतरा वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. की मी खरं बोललो म्हणून तुझी नोकरी गेली, तू तुटलास. चौकशीत मी म्हणालो, होय, त्या दिवशी लटारूने मुक्कामाला मोहाची घेतली होती, गाडी नाल्यात गेली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. ते खरंच होतं. गाडीतल्या गुणाबाईचा पाय गेला तोही खरा. मी छाती काढून बाहेर आलो. खरं बोलायला शाळेत शिकवलं होतं, मी बोललो. आणि मनात म्हटलं, लटारूला सत्य सोसत नाही.

पण चौकशीच्या त्या सकाळी आपण एकाच गाडीने गेलो होतो. एका सीटवर. तुझ्या रुखमाबाईने दोघांचा डबा दिला होता, वांग्याची भाजी. तू मला म्हणालास, "गुलाब, का सांगशील रे?" आणि मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "पाहू ना." मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. तरीही तुझ्या डब्यातलं खाल्लं, बोटं चाटली, आणि तुला काही सांगितलं नाही. तू ते पहिल्यांदा साहेबांच्या टेबलासमोर ऐकलंस, सगळ्यांच्या देखत. तू तेव्हा वळून माझ्याकडे पाहिलंस. गाडी चालवताना एकोणीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतंस.

हे मी कधीच कुठल्या पत्रात लिहिलं नाही. आठवण म्हणून मुक्कामी गाड्या लिहिल्या, भोंगे लिहिले, चौथीचा वर्ग लिहिला.

म्हणून या खेपेला आधी तुला सांगतो. बारा तारखेला मी हे बोलणार आहे:

माझं नाव गुलाब सखाराम रामटेके, वय एकाहत्तर. गोळे प्रथम धनराजच्या तणसात होते. आठ डिसेंबरला मी ते डोळ्यांनी पाहिले. नंतर ते माझ्या कोठ्यात ठेवले गेले आणि ठेवणारा धनराज आहे हे त्याने स्वतः मला सांगितलं. मी पोलिसाला खोटं सांगितलं. पंधरा दिवस मी गप्प राहिलो. त्या पंधरा दिवसांत त्याच्या बायकोचा हात किंवा पोरीचा जीव गेला असता तर तो गुन्हा धनराजइतकाच माझा असता. या काळात मी एका माणसाला सगळं लिहून कळवलं होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही.

एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मागच्या वेळच्या सत्यात माझं काहीच नव्हतं. या वेळी अर्धं माझंच आहे.

आता पत्रांचं. नऊ तारखेचं, सोळाचं, वीसचं. तिन्हींवर पोस्टाचे शिक्के आहेत. तुझ्याकडे ती नसली तर माझ्या शब्दाला आधार नाही. कोठा माझा, टोपली माझ्या पोत्यांमागे, आणि पोलिसाला खोटं बोललेला म्हाताराही मीच. ती तू आणून दिलीस, तर तुझा पोरगा सुटत नाही. मी ती मागत नाही. पत्र एकदा पेटीत टाकलं की ज्याच्या नावाने टाकलं त्याचं. घरात चूल आहे, ठाणंही लांब नाही. तू काय केलंस हे मी कधी विचारणार नाही, आणि जे करशील त्यावरून तुला कमी-जास्त मोजणारही नाही.

लूसीचं काय, असं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. मला आत टाकलं तर अश्विनने तिला नेईन म्हटलं आहे. ती जेवते. आज सकाळी पूर्ण सांदवाडी फिरली आणि कुठेही बसली नाही. मी तिच्या मागे मागे फिरलो, प्रत्येक कोपऱ्यात जीव मुठीत धरून.

हे पत्र रजिस्टरने पाठवतो आहे, पोचपावतीसह. त्या गुलाबी कार्डावर तुझी सही होऊन ते माझ्याकडे परत येईल. ती सही पाहिल्याशिवाय मी ठाण्याची पायरी चढणार नाही. दहा तारखेपर्यंत कार्ड आलं नाही, किंवा तू घेतलं नाहीस म्हणून पाकीटच परत आलं, तर अकराला मी माजरीला येतो. दार लावून घे हवं तर. मी दारासमोर उभा राहून हे सगळं मोठ्याने वाचीन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मगच वडशाची गाडी धरीन.

तुझा
गुलाब